नंबर वाढतोय, ऐकू कमी येतंय, लघवीत रक्त: अल्पोर्ट सिंड्रोममध्ये डोळ्यांचं नेमकं काय होतं

डोळे आणि किडनी ही जोडी म्हटली की आपल्याला आठवते ती शुगर. डायबेटिस असला की डोळ्याचा पडदा तपासून घ्या, किडनी तपासून घ्या, हे आता खेडोपाडीसुद्धा लोकांना माहीत झालंय. पण घरात कुणाला शुगर नाही, पोरगा विशीतला, अंगाने सडपातळ, आणि तरी त्याच्या चष्म्याचा नंबर दर सहा-आठ महिन्यांनी बदलतोय, टीव्हीचा आवाज त्यालाच मोठा लागतो, आणि लहानपणी सर्दी-ताप आला की लघवी लाल व्हायची असं आई सांगते, तर या तिन्ही गोष्टी एकाच आजाराच्या असू शकतात. त्या आजाराचं नाव अल्पोर्ट सिंड्रोम. जन्मतः जीन्समधून येणारा आजार आहे, संसर्गाचा नाही, खाण्यापिण्यातून होणारा नाही, कुणाच्या चुकीमुळे तर अजिबात नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं काम करते, म्हणून या आजाराकडे डोळ्यांच्या बाजूने बघून लिहिते आहे. आणि लिहावंसं वाटतं ते अशासाठी की असा पेशंट कानासाठी एका डॉक्टरकडे जातो, डोळ्यांसाठी चष्म्याच्या दुकानात, लघवीसाठी तिसरीकडेच, प्रत्येक ठिकाणी वेगळी फाइल आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबरच असतो, पण तिन्ही फाइली एका टेबलावर येतच नाहीत. येतात तेव्हा बऱ्याचदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, चढलेलं असतं. खरं तर ते आधी कळलं तर किडनी कितीतरी वर्षं जास्त चालवता येते, त्यासाठी औषध आहे आणि ते महागसुद्धा नाही.

आधी मूळ बिघाड काय ते बघू. आपल्या शरीरात कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं, त्याचे बरेच प्रकार आहेत, इथे महत्त्वाचा आहे तो चौथा प्रकार. तो म्हणजे तीन पेडांची वेणी समजा. अल्फा ३, अल्फा ४ आणि अल्फा ५ असे तीन पेड, तिन्ही नीट असले तरच वेणी पडते, त्यातला एक जरी पेड तुटका किंवा गायब असेल तर उरलेल्या दोघांचा काही उपयोग नाही, सगळीच वेणी सुटते. अशा असंख्य वेण्यांचं जाळं मिळून एक अतिशय पातळ पण चिवट पापुद्रा तयार होतो, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. हा पापुद्रा शरीरात बऱ्याच ठिकाणी असतो, पण अल्फा ३-४-५ वाला खास पापुद्रा मोजक्या जागी लागतो: किडनीत जिथे रक्त गाळलं जातं तिथे, कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात म्हणजे कॉक्लियात, आणि डोळ्यात. म्हणून बिघाड एकच पण तक्रारी तीन ठिकाणी.

शरीराची घडण चालू असते तेव्हा सुरुवातीला अल्फा १ आणि २ चे साधे पेड वापरलेले असतात, नंतर त्या जागी ३-४-५ चं पक्कं जाळं येतं. अल्पोर्टमध्ये ही अदलाबदल होतच नाही, साध्या जाळ्यावरच काम चालू राहतं आणि ते वर्षानुवर्षांच्या ताणाने झिजत जातं. म्हणूनच ही मुलं जन्माला येतात तेव्हा चांगली दिसतात, ऐकतात, बघतात, आणि तक्रारी हळूहळू वयाबरोबर येतात. किडनीची खूण मात्र लवकर असते, लघवीत साध्या डोळ्यांनी न दिसणारं रक्त अगदी तान्ह्या वयापासूनसुद्धा सापडू शकतं.

नाव पडलं ते आर्थर सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरवरून. १९२७ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका कुटुंबाबद्दल लिहिलं, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या लघवीतून रक्त जायचं. याच कुटुंबाबद्दल १९०२ मध्ये गथ्री नावाच्या डॉक्टरांनीही लिहिलेलं होतं, पण अल्पोर्ट यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या, एक म्हणजे या लोकांना कमी ऐकू येतं, आणि दुसरी म्हणजे घरातले पुरुष तरुणपणीच जातात आणि बायका मात्र म्हातारपणापर्यंत जगतात. असं का, याचं उत्तर मिळायला १९९० साल उजाडलं, तेव्हा एक्स क्रोमोसोमवरचा जीन सापडला, अल्फा ५ पेडाचा. पुरुषात एक्स एकच असतो, बायकांत दोन, म्हणून पुरुषाचा एक्स सदोष असला की सांभाळून घ्यायला दुसरा नसतो. अल्फा ३ आणि ४ चे जीन्स दोन नंबरच्या क्रोमोसोमवर असतात.

आता डोळे. डोळ्यात हा पापुद्रा तीन-चार ठिकाणी असतो आणि प्रत्येक ठिकाणचा त्रास वेगळा.

सगळ्यात महत्त्वाचं लेन्सचं. आपल्या बाहुलीच्या मागे जी नैसर्गिक लेन्स असते ती एका पारदर्शक पिशवीत असते, तिला कॅप्सूल म्हणतात. जवळचं वाचताना लेन्स फुगीर होते, लांब बघताना सपाट होते, मोबाइलवरून नजर उचलून रस्त्याकडे टाकली तरी हे होतं, म्हणजे या पिशवीवर दिवसभर ओढाताण चालू असते. अल्पोर्टमध्ये ही पिशवी पातळ असते, तिच्यात बारीक बारीक भेगा असतात, आणि पुढच्या बाजूला मधोमध ती सगळ्यात कमजोर पडते. मग लेन्सचा मधला भाग तिथून पुढे फुगून येतो. याला अँटीरियर लेंटिकोनस म्हणतात. एक्स क्रोमोसोमवरून आलेला आजार असलेल्या पुरुषांत साधारण चार-पाच जणांत एकाला हे होतं, बहुधा विशी-तिशीत लक्षात येतं, लहान मुलात सहसा दिसत नाही. आणि दोन्ही डोळ्यांत असा पुढचा फुगवटा दिसला तर अल्पोर्ट आहे हे जवळपास पक्कंच समजायचं, इतकी ही खूण बोलकी आहे. ज्यांना तो असतो त्यांची किडनीसुद्धा सहसा लवकर खराब होते, बऱ्याचदा तिशीच्या आतच, म्हणून ही खूण दिसली की चष्मा देऊन पाठवून द्यायचं नसतं.

पेशंटला काय जाणवतं? मायनस नंबर वाढतो आणि त्याबरोबर सिलिंड्रिकल नंबरही येतो, तोही वेडावाकडा. चष्मा नवा करून आणला तरी अक्षरं पूर्ण साफ दिसत नाहीत, प्रत्येक अक्षराला एक पुसट सावली दिसते, रात्री समोरून गाडी आली की हेडलाइट फुटल्यासारखा पसरतो. लोकांना वाटतं चष्मेवाल्याने नंबर चुकीचा काढला, मग दुकान बदलतात, तिथे वेगळा नंबर निघतो, तिसरीकडे आणखी वेगळा. आणि खरंच वेगळा निघतो, कारण लेन्सचा मधला भाग एका ताकदीचा आणि कडेचा भाग दुसऱ्या ताकदीचा झालेला असतो, बाहुली किती उघडी आहे त्यावर उत्तर बदलतं.

तपासताना काय दिसतं तेही सांगते, कारण हे बघितल्याशिवाय त्याचं वेगळेपण कळत नाही. अंधाऱ्या खोलीत आम्ही रेटिनोस्कोप नावाच्या यंत्राने डोळ्यात उजेडाची पट्टी टाकतो आणि ती डावी-उजवीकडे हलवतो. नेहमीच्या डोळ्यात बाहुलीतून लालसर-नारिंगी उजेड परत येतो आणि पट्टीबरोबर एकसारखा सरकतो. लेंटिकोनस असला की मधोमध एक गोल वेगळा उठून दिसतो, भोवती काळसर कडा, हुबेहूब पाण्यावर तेलाचा थेंब पडल्यासारखा, म्हणून त्याला ऑइल ड्रॉपलेट असंच म्हणतात, आणि पट्टी हलवली की उजेड कात्रीच्या पात्यांसारखा उघडतो-मिटतो. मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे ज्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसवतात त्यावर, बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालून उजेडाची बारीक फट तिरकी टाकली की लेन्सच्या पुढच्या रेषेत मधोमध उंचवटा स्पष्ट दिसतो. ड्रॉप्स न घालता घाईत बघितलं तर सुटू शकतो.

इथे एक घोळ बऱ्याचदा होतो. नंबर भराभर बदलतोय आणि कात्रीसारखी हालचाल दिसते म्हटल्यावर कुणालाही पहिली शंका येते केरॅटोकोनसची, ज्यात डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, कोनासारखा पुढे येतो. तो आजार आपल्याकडे खूप दिसतो, त्यामुळे ही शंका येणं योग्यच आहे आणि कॉर्नियाचा नकाशा काढायची तपासणी करायलाच हवी. पण तो नकाशा नॉर्मल आला की "काही नाही, नंबरच आहे" म्हणून थांबू नये, एक पाऊल मागे जाऊन लेन्स बघायला हवी. लग्न ठरतंय किंवा भरतीला जायचंय म्हणून मुलं लेझरने नंबर घालवायला जातात, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं, कारण लेझर होतं कॉर्नियावर आणि इथे बिघाड आहे लेन्समध्ये. कॉर्निया तासून लेन्सचा फुगवटा थांबत नाही, काही दिवसांत नंबर पुन्हा बदलतो.

लेंटिकोनसवर इलाज आहे आणि चांगला आहे. सुरुवातीला चष्म्यावर भागतं, भागेनासं झालं की लेन्स काढून कृत्रिम लेन्स बसवतात, म्हणजे मोतीबिंदूचंच ऑपरेशन, फक्त मोतीबिंदू पिकलेला नसताना केलेलं. "मोतीबिंदू नाही तर ऑपरेशन कशाला, वय काय त्याचं" असं घरचे म्हणतात, पण खराब झालेली नैसर्गिक लेन्सच निघून गेल्यामुळे फुगवटा पुन्हा येत नाही आणि नजर बहुतेकांची छान सुधारते. दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. सर्जनला अल्पोर्टचं आधी सांगायचं, कारण ऑपरेशनमध्ये त्या पातळ पिशवीला पुढून गोल छिद्र पाडावं लागतं आणि ती भलतीकडे फाटू शकते, सर्जनला माहीत असलं की तो त्या तयारीने उतरतो. आणि दुसरी म्हणजे कृत्रिम लेन्स नैसर्गिक लेन्ससारखी फुगत नाही, त्यामुळे पंचविशीच्या मुलालाही नंतर जवळचं वाचायला चष्मा लागू शकतो, कुठल्या प्रकारची लेन्स बसवायची हे त्याच्या कामाप्रमाणे आधी बोलून ठरवावं. क्वचित असंही होतं की ही पिशवी आपोआप किंवा डोळ्याला थोडा मार लागून फुटते आणि लेन्स भराभर पांढरी पडते, अचानक दिसेनासं होतं. तेव्हा वाट बघू नये, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

दुसरा भाग पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा. अल्पोर्टच्या बऱ्याच पेशंटमध्ये, एक्स क्रोमोसोमवाल्या मोठ्या वयाच्या पुरुषांत तर निम्म्याहून जास्त जणांत, पडद्याच्या मधल्या भागाभोवती पांढरट-पिवळसर बारीक ठिपके दिसतात, अगदी मधला बिंदू सोडून भोवती शिंपडल्यासारखे. कधी कडेच्या भागातही असतात. या ठिपक्यांनी नजर कमी होत नाही, त्यांना कसलंही औषध लागत नाही, आणि रिपोर्टमध्ये "रेटिनोपॅथी" हा शब्द वाचून घाबरायचं कारण नाही, ही डायबेटिसवाली रेटिनोपॅथी नव्हे. पण निदानासाठी हे ठिपके लाखमोलाचे आहेत. किडनीचा तुकडा काढायची बायोप्सी करायच्या आधी डोळ्यांच्या पडद्याचा एक फोटो काढला तर दिशा मिळू शकते, आणि त्याला सुई नाही, ॲडमिट होणं नाही. ओसीटी नावाचा पडद्याचा स्कॅन काढला तर बऱ्याच जणांत पडद्याची कानाकडची बाजू पातळ झालेली दिसते, तीही याच आजाराची खूण.

मेलबर्नच्या प्रोफेसर ज्युडी सॅव्हिज यांनी अल्पोर्टमधल्या डोळ्यांच्या खुणांवर बरंच काम केलंय आणि डोळे बघून किडनीचा अंदाज बांधता येतो हे त्यांनी सातत्याने मांडलंय. पडद्यावर ठळक ठिपके असलेल्या तरुण पुरुषात किडनीचा आजार जास्त जोराचा असण्याची शक्यता असते. उलट, डोळे नॉर्मल आले म्हणजे अल्पोर्ट नाहीच असा अर्थ काढू नये, विशेषतः लहान मुलांत आणि बायकांत.

पडद्याच्या बाबतीत खरी काळजी करण्यासारखी गोष्ट एकच, आणि ती क्वचित होते, मॅक्युलर होल म्हणजे पडद्याच्या अगदी मध्यभागी छिद्र पडणं. दाराची चौकट, फरशीच्या रेघा अशा सरळ गोष्टी मध्येच वाकड्या दिसायला लागल्या किंवा समोर बघताना मधोमध डाग आला तर लगेच दाखवायचं. अल्पोर्टमधली ही छिद्रं मोठी असू शकतात आणि ऑपरेशनने बुजवणं अवघड जातं, म्हणून उशीर नको.

तिसरा भाग कॉर्नियाचा. काही जणांना सकाळी उठून डोळा उघडताना एकदम चमक येते, काचेचा तुकडा गेल्यासारखं टोचतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही, आणि एक-दोन दिवसांत आपोआप बरं वाटतं. मग पुन्हा काही आठवड्यांनी तेच. कॉर्नियाचा वरचा थर खालच्या पापुद्र्याला घट्ट चिकटलेला नसतो, रात्री पापणी कोरडी होऊन त्याला धरते आणि सकाळी उघडताना तो थर सोलला जातो. लोक "डोळे आलेत" म्हणून मेडिकलमधून काहीही ड्रॉप्स आणून घालतात, त्यात स्टेरॉइड असलं तर नुकसान होऊ शकतं. याला लागतात ती डोळे ओले ठेवणारी ड्रॉप्स, झोपताना घालायचं जेल किंवा मलम, आणि डोळे चोळायचे नाहीत. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्सच्या भानगडीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडू नये.

कानाचं थोडक्यात. ऐकू कमी येणं बऱ्याचदा शाळेच्या वयातच सुरू होतं, आणि आधी जातात ते बारीक, उंच सुराचे आवाज. त्यामुळे मूल बहिरं वाटतच नाही, हाक मारली तर वळून बघतं, पण स, श, फ असे उच्चार निसटतात, पंखा चालू असला किंवा वर्गात गोंगाट असला की बोलणं कळत नाही, आणि त्याला "लक्ष नसतं तुझं" म्हणून बोलणी बसतात. एक्स क्रोमोसोमवाल्या पुरुषांत चाळिशीपर्यंत बहुतेकांना हा त्रास होतो. मात्र ऐकू येणं सहसा पूर्ण जात नाही, श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो, ते लावायला लाजू नये, चष्मा लावतोच ना आपण. आणि आपल्याकडे गणपतीत डीजेच्या भिंतीपुढे, ढोल-ताशाच्या पथकात तासन्‌तास उभं राहतात मुलं, यांनी त्यापासून लांब राहावं, जायचंच असेल तर कानात इअरप्लग घालून.

आता किडनी, कारण जीव तिथेच अडकलेला असतो. लहान मुलाला सर्दी-ताप आला आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर घरात म्हणतात उन्हाळी लागली, धण्याचं पाणी द्या, सब्जा द्या. दोन दिवसांत रंग निवळतो आणि विषय संपतो. रंग निवळला तरी मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या पेशी असतातच. पुढे लघवीतून प्रोटीन जायला लागतं, फेस येतो, बीपी वाढतं, पायावर सूज येते, आणि मग क्रिएटिनिन. युरोपातल्या बऱ्याच कुटुंबांचा मिळून जो अभ्यास झाला त्यात असं दिसलं की एक्स क्रोमोसोमवाल्या पुरुषांपैकी निम्म्यांची किडनी पंचविशीपर्यंत आणि ९० टक्के पुरुषांची चाळिशीपर्यंत निकामी होते. हे आकडे भीती वाटावी असेच आहेत, पण ते जुन्या काळातले आहेत, वेळेवर औषध सुरू करण्याच्या आधीचे.

ते औषध म्हणजे बीपीची गोळी. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातली. "आमच्या मुलाला बीपी नाही मग बीपीची गोळी का" हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि विचारायलाच हवा. ही गोळी किडनीच्या गाळणाऱ्या भागातला दाब कमी करते, त्यामुळे कमजोर पापुद्र्यावरचा ताण उतरतो आणि प्रोटीन जायचं प्रमाण घटतं. २०१२ साली युरोपातल्या पेशंटच्या नोंदींवरून दिसलं की ही औषधं जितकी लवकर सुरू केली तितकं डायलिसिस काही वर्षांनी, कुणाकुणाचं तर बऱ्याच वर्षांनी पुढे गेलं. म्हणून आता एक्स क्रोमोसोमवाल्या मुलग्यांत दोनेक वर्षांच्या वयापासूनही किडनीचे डॉक्टर ती सुरू करतात. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मध्ये मध्ये बघावं लागतं, जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारायचं, आणि मुलींनी गरोदर राहायचं ठरवलं की आधीच सांगायचं कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला धोक्याची असते. अंगदुखीच्या गोळ्या मनाने खायच्या नाहीत. जेंटामायसिनसारखं इंजेक्शन लिहिलं जात असेल तर अल्पोर्टचं सांगून पर्याय विचारायचा, ते किडनी आणि कान दोन्हींना त्रास देऊ शकतं.

एक खंत वाटते ती स्टेरॉइडची. प्रोटीन जातंय म्हणून मुलाला नेफ्रोटिकचा, म्हणजे लघवीतून खूप प्रोटीन जाऊन अंगावर सूज येणाऱ्या आजाराचा, पेशंट समजून महिनोन्‌महिने स्टेरॉइड चालू राहतं, मूल सुजतं, उंची खुंटते, वर मोतीबिंदूचा धोका, आणि अल्पोर्टमध्ये स्टेरॉइडने फरक पडत नाही, कारण हा सूज-ॲलर्जीचा आजार नाही, बांधणीतला दोष आहे. स्टेरॉइडने प्रोटीन थांबत नसेल, लघवीत सतत रक्त असेल, तर कान आणि डोळे तपासा आणि जीन्सच्या तपासणीबद्दल विचारा. बायोप्सीतही साध्या मायक्रोस्कोपखाली सुरुवातीला काही वेगळं दिसत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो आणि तो सगळीकडे नसतो. जीन्सची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते, हल्ली निदानासाठी तीच जास्त उपयोगाची.

आता घराण्याचं बोलू. "आमच्या घराण्यात कुणाला किडनीचा आजार नाही" असं वडील छातीठोकपणे सांगतात आणि ते खरंही असतं, कारण विचारायचं असतं आजोळी. एक्स क्रोमोसोमवरचा आजार मुलाला येतो तो आईकडून. वडिलांकडून मुलाला वाय क्रोमोसोम जातो, एक्स जातच नाही. म्हणजे मामाला काय झालं होतं, आईच्या मामाला काय झालं होतं, कुणी तरुणपणी "अंगावर सूज येऊन गेला" असं सांगतात का, कुणी कानाने अधू होतं का, हे विचारायचं. आजारी पुरुषाच्या सगळ्या मुलींकडे तो जीन जातो, मुलग्यांकडे एकाकडेही नाही. जीन असलेल्या आईच्या प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो यायची शक्यता निम्मी असते. कधी कधी घरात कुणालाच नसताना नव्यानेही हा बदल होतो. आणि आईला कुणी यासाठी बोल लावत असेल तर कृपा करून थांबवा, जीन कुणी निवडून देत नाही.

दुसरा प्रकार आहे तो अल्फा ३ किंवा ४ चा, त्यात आई आणि वडील दोघांकडून सदोष जीन आला तर आजार जोराचा होतो, मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच, डोळ्यांच्या खुणांसकट. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न करायची रीत बऱ्याच समाजांत आहे, आणि एकाच घराण्यातले दोघे असले की दोघांकडेही तोच सदोष जीन असण्याची शक्यता वाढते. अशा घरात मुलीलाही लेंटिकोनस होऊ शकतो, म्हणून "हा पोरांचा आजार" असं धरून चालू नये. एकाच बाजूने आलेला सौम्य प्रकारही असतो, त्यात डोळे सहसा नॉर्मल असतात आणि किडनीचा त्रास उशिरा होतो.

डोळे, कान आणि किडनी तिन्हींना किंवा दोघांना धरणारे आणखीही आनुवंशिक आजार आहेत, तेवढी नावं कानावर असू द्या. फॅब्रीमध्ये कॉर्नियावर भोवऱ्यासारख्या रेघा दिसतात, हातापायांची आग होते, घाम कमी येतो. सीनियर-लोकेनमध्ये रात्रीचं दिसणं कमी होतं, तहान आणि लघवी खूप असते, पण लघवीत रक्त नसतं. एमवायएच-९ नावाच्या जीनच्या आजारात प्लेटलेट्स कमी आणि आकाराने मोठ्या असतात, त्याबरोबर लवकर मोतीबिंदू आणि बहिरेपणा येऊ शकतो. उपचार प्रत्येकाचे वेगळे, म्हणून नेमकं नाव कळणं गरजेचं.

आता शेवटचं आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते आईच्या किडनीचं. किडनी बदलल्यावर अल्पोर्ट नव्या किडनीत परत येत नाही, ट्रान्सप्लांटचे निकाल चांगले असतात, अगदी थोड्या जणांत शरीर नव्या किडनीतल्या पापुद्र्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, त्यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. डोळे आणि कान मात्र ट्रान्सप्लांटने सुधारत नाहीत, त्यांची तपासणी पुढेही दरवर्षी चालू ठेवावी लागते, शिवाय नंतरच्या स्टेरॉइडने मोतीबिंदू होऊ शकतो. आपल्या देशात बहुतेक ट्रान्सप्लांट घरातल्याच कुणीतरी दिलेल्या किडनीने होतात आणि सगळ्यात आधी पुढे येते ती आई. पण एक्स क्रोमोसोमवाल्या अल्पोर्टमध्ये बहुतेक वेळा तीच तो जीन घेऊन चाललेली असते, तिच्याही लघवीत रक्त असतं, फक्त तिला कुणी तपासलेलं नसतं. अशा बायकांपैकी साधारण १२ टक्क्यांची किडनी चाळिशीपर्यंत निकामी होते आणि साठीपर्यंत हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे "बायका नुसत्या वाहक असतात, त्यांना काही होत नाही" हे खोटं आहे. एक किडनी दिल्यावर उरलेल्या एका कमजोर किडनीवर तिला पुढची वीस-तीस वर्षं काढायची असतात. म्हणून तिची लघवी, बीपी, कान, डोळे आणि शक्य तर जीन तपासल्याशिवाय तिला दाता ठरवू नये, दुसरा दाता असेल तर आधी तो बघावा, वडील, आणि ज्यांच्यात हा जीन नाही असं तपासून कळलेलं आहे ते भाऊ-बहीण, आणि त्याचवेळी मृत दात्याच्या किडनीसाठी यादीत नावही नोंदवून ठेवावं.

घरात एकाला अल्पोर्ट निघाला की त्याच्या आईची, बहिणींची, भावांची, मावश्यांची आणि मावसभावंडांची लघवीची साधी तपासणी करून घ्या, सकाळची पहिली लघवी, रक्ताच्या पेशी आणि प्रोटीन दोन्हींसाठी, पाळी चालू असलेल्या दिवसांत मुलींनी देऊ नये कारण मग रिपोर्टमध्ये रक्त दिसणारच. एकदा नॉर्मल आली तरी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा द्या. आणि चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा काउंटरवर एवढं एक वाक्य सांगा की आमच्या घरात किडनीचा आजार आहे आणि याला ऐकायला कमी येतं, बाहुली मोठी करून लेन्स आणि पडदा बघा.